तो पिवळसर थर बहुधा पू नाही, ड्रेसिंगचंच जेल आहे

तुम्ही विचारलंय की वडिलांच्या पायाच्या जखमेवर समुद्री शैवालापासून बनवलेलं ड्रेसिंग लावलं, दोन दिवसांनी काढलं तर खाली पिवळसर, बुळबुळीत थर होता. तो पू आहे का, आणि असं नैसर्गिक जेल उपचारात आणखी कुठे वापरतात?

मी बरीच वर्षं जखमांची ड्रेसिंगं करते. हा थर पाहून घाबरलेले नातेवाईक वरचेवर भेटतात. पाकिटातून निघतं तेव्हा हे ड्रेसिंग पिंजलेल्या कापसासारखं कोरडं असतं. ते अल्जिनेट, म्हणजे तपकिरी शैवालातलं पॉलिमर. त्याच्या लांबलचक साखळ्या कॅल्शियमने एकमेकींना बांधलेल्या असतात. जखमेच्या स्रावातलं सोडियम त्या कॅल्शियमची जागा घेतं, बांधणी सैल होते, तंतू पाणी पिऊन फुगतात आणि त्यांचं जेल होतं.

सलाइनने, म्हणजे निर्जंतुक मिठाच्या पाण्याने, हलक्या हाताने धुऊन पाहा. जेल सरकत निघून जातं. खाली लाल, ओलसर, दाणेदार मांस दिसलं तर जखम भरतेय. धुतल्यावरही दुर्गंधी राहिली, कडेची कातडी लाल नि गरम लागली, सूज वाढली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वडिलांना मधुमेह असेल तर दुखण्याची वाट पाहू नका. पायाची संवेदना गेलेली असली की संसर्ग होऊनही दुखत नाही.

स्राव आटला की मात्र हे ड्रेसिंग थांबवायला सांगा. ओल नसेल तर जेल होतच नाही, तंतू वाळून जखमेला चिकटतात. असं चिकटलेलं एक ड्रेसिंग मी सलाइनच्या थेंबांनी भिजवत, एकेक तंतू सोडवत काढलं होतं. घाईने ओढलं असतं तर नवी नाजूक कातडी सोबत आली असती.

बाकी उपयोग पुष्कळ आहेत. छातीत जळजळ होते तेव्हा घ्यायच्या काही औषधांतलं अल्जिनेट पोटातल्या आम्लावर तरंगता थर धरतं. दातांचं माप घ्यायची पेस्टही बहुधा त्याचीच. स्टोमाच्या (शौच किंवा लघवी बाहेर येण्यासाठी शस्त्रक्रियेने पोटावर केलेल्या छिद्राच्या) पिशवीची जी चकती कातडीला चिकटते, तिच्यात फळांच्या सालींतून काढलेलं पेक्टिन असतं. कोरड्या डोळ्यांच्या कित्येक थेंबांत वनस्पतींच्या तंतूंतल्या सेल्युलोजपासून बनवलेला घटक असतो. 1980 साली तर इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी अल्जिनेटच्या बारीक मण्यांत बंद करून मधुमेही उंदरांत सोडल्या होत्या. माणसांसाठी ते अजून रोजचे उपचार झालेले नाहीत, पण मला त्याची फार आशा आहे.

एक कळकळीची विनंती: नैसर्गिक आहे म्हणून कोरफडीचा ताजा गर उघड्या जखमेवर लावू नका, तो निर्जंतुक नसतो. आणि पुढच्या वेळी थर धुण्याआधी एक फोटो काढा, धुतल्यावर दुसरा. डॉक्टरांना ते दोन्ही दाखवा.