रिस्टोअर केलेली अ‍ॅस्टन मार्टिन डीबी५ घेताना नेमकं काय बघावं?

रंग आणि लेदर सगळ्यात शेवटी बघा. ते पैसे टाकले की कुणीही चकचकीत करून देतं.

१९६३ ते १९६५ दरम्यानच्या या गाडीची बॉडी मिलानच्या तूरिंग या बॉडी बनवणाऱ्या कंपनीच्या सुपरलेज्जेरा पद्धतीची, म्हणजे पोलादाच्या बारीक नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. दिसायला देखणी, पण हे दोन धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. दाराच्या कडा आणि चाकांच्या कमानींवर बोट फिरवा. रंगाखाली बारीक फोड लागले तर आतलं काम अर्धवट आहे. त्याहून वाईट जागा म्हणजे दाराखालचे सिल आणि जॅक लावायच्या जागा. गाडी लिफ्टवर घ्याच. आणि रंग उतरवून पत्रा उघडा केला तेव्हाचे फोटो मागा. ते नाहीत म्हणाले तर मी तरी पुढे बोलणार नाही.

३९९५ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिनही अ‍ॅल्युमिनियमचं. ब्लॉकच्या तळाशी गाळ साचून ते तापतं, म्हणून गाडी गरम करून चांगली अर्धा तास चालवून बघा.

मग कागद. चेसिस आणि इंजिन नंबर फॅक्टरीच्या बिल्ड शीटशी, म्हणजे गाडी बनवतानाच्या नोंदीशी, जुळवा. ‘व्हँटेज’, म्हणजे जास्त ताकदीच्या इंजिनची, म्हणून विकत असतील तर जास्तच, कारण तिचे तीन वेबर कार्ब्युरेटर नंतरही बसवता येतात. मूळ रंगही तिथेच कळेल. जेम्स बाँडच्या चंदेरी डीबी५च्या नादात नंतर चंदेरी झालेल्या पुष्कळ आहेत!