मॅटला साबण थोडा, सावली पुष्कळ

या वेळच्या पत्रांत आसनांपेक्षा मॅटचेच प्रश्न जास्त आहेत, आणि त्याचं कारण कळण्यासारखं आहे. २१ जूनच्या योग दिनाच्या आसपास घराघरांत नवी मॅट येते. आठ-दहा महिने ती रोज घाम पिते, उन्हाळ्यात धूळ खाते, आणि मग एक दिवस तिचा वास नाकात शिरतो. जळगावात सकाळचा वर्ग घेताना मी बघत आले आहे, की वापराने झिजलेल्या मॅट थोड्या असतात. धुण्या-वाळवण्यात गेलेल्या जास्त. म्हणून आजचं सदर सगळं मॅटसाठी.

एप्रिलमध्ये मॅट कपड्यांच्या पावडरने घासून गच्चीवर वाळत घातली. दुपारी काढायला गेले तर कडा वर वळलेल्या होत्या. आता तिच्यावर हात टेकला की तळव्याला काळी भुकटी लागते. ताई, ती दुरुस्त होईल का? (भुसावळ)

नाही होणार. वाईट वाटतं सांगायला, पण त्या मॅटवर आणखी पैसे घालू नका. भुकटी सुटते म्हणजे तुमची मॅट नैसर्गिक रबराची असणार. रबराला ऊन सोसत नाही. उन्हातली अतिनील किरणं आणि हवेतला ओझोन त्याचा चिवटपणा मोडतात, आधी बारीक भेगा पडतात आणि मग पृष्ठभाग भुरभुरायला लागतो. त्यात भुसावळचा एप्रिल. पारा ४३-४४च्या घरात, आणि गच्चीची फरशी त्याहून कितीतरी तापलेली. माझी पहिली रबरी मॅटही अशीच गेली. सकाळी आठला कठड्यावर टाकली, वर्गाच्या गडबडीत विसरले, बाराला आठवण झाली. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आपल्याकडे गादी, उशी, पापड, मिरच्या, सगळ्यांना ऊन दाखवायची सवय आहे. कापसाच्या वस्तूला ते फार चांगलं. मॅटला नाही. फक्त रबरालाच नव्हे, इतरांनाही नाही. पीव्हीसी या प्लॅस्टिकची मॅट उन्हात रंग सोडते आणि हळूहळू कडक होते. ईव्हीए या हलक्या फोमची मॅट आकसते, म्हणून तिच्याही कडा वळतात. टीपीई या रबरासारख्या प्लॅस्टिकची नरम पडून वेडीवाकडी होते. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ठेवलेल्या मॅटचीही तीच गत.

म्हणून धुण्याआधी आपली मॅट कशाची आहे ते ओळखा. वेष्टण जपून ठेवलं असेल तर त्यावर लिहिलेलं असतं. नसेल तर हातात उचलून बघा. नैसर्गिक रबराची मॅट जड लागते, दोन किलोच्या आसपास, आणि तिला टायरच्या दुकानासारखा वास येतो. ईव्हीएची किलोच्या आतली, हलकी. नखाने दाबली की खळगा पडतो. पीव्हीसी मधल्या वजनाची, ओढली तर जरा ताणली जाते. मग कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाका आणि पाच मिनिटं थांबा. थेंब तसाच राहिला तर मॅट बंद छिद्रांची, पाणी आत घेत नाही. थेंब जिरला तर उघड्या छिद्रांची. ही दुसरी हाताला पकड चांगली देते, पण घामही पोटात घेते, आणि भिजली तर लवकर वाळत नाही. पुढच्या सगळ्या उत्तरांत हा थेंब आपल्याला लागणार आहे.

मॅट किती दिवसांनी आणि नेमकी कशी धुवायची? सासूबाई म्हणतात, "चटईच शे ना ती, धुई टाक." मशीनमध्ये टाकली तर चालेल का? (अमळनेर)

सासूबाईंचं म्हणणं सतरंजीच्या बाबतीत अगदी बरोबर आहे. सुती योगा मॅट किंवा सतरंजी असेल तर खुशाल धुऊन टाका, उन्हातही घाला. रबर आणि फोमच्या मॅटला मात्र मशीन नको. पिळण्याच्या फेऱ्यात ती फाटते, तिचे तुकडे मशीनच्या जाळीत अडकतात, आणि फोमच्या आत शिरलेलं पाणी बाहेर निघत नाही.

रोजचं काम दोन मिनिटांचं आहे. आसनं झाली की साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं सुती फडकं वरून फिरवायचं. मग मॅट लगेच गुंडाळायची नाही. चहा होईपर्यंत ती उघडीच राहू द्या. घाम आणि ओल आत कोंडली की वास धरतो. निम्म्या पत्रांतल्या वासाचं मूळ एवढंच आहे. गुंडाळताना वरची बाजू बाहेर ठेवा, म्हणजे उलगडल्यावर टोकं उचलली जात नाहीत.

रोज आसनं करत असाल तर पंधरा दिवसांनी, उन्हाळ्यात आठवड्याने, नीट पुसा. अर्धा लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे तीन-चार थेंब, त्याहून जास्त नाही. पाण्याला दाट फेस आला तर साबण जास्त झाला असं समजा. फडकं त्यात बुडवून पिळा आणि मॅट वरून खाली पुसत या. हाताचे तळवे आणि टाचा टेकतात त्या जागा दोनदा पुसा. उलटी करून खालची बाजूही घ्या. फरशीवरची धूळ तिकडेच बसते आणि गुंडाळलं की तीच वरच्या बाजूला लागते. त्यानंतर साध्या पाण्याचं फडकं दोन वेळा फिरवायचं. ही पायरी बहुतेक जण गाळतात. साबणाचा थर राहिला की मॅट घसरते, आणि मग आपण दोष मॅटला देतो.

बंद छिद्रांची मॅट फारच मळली असेल तर न्हाणीघरात नळाखाली धरून धुतली तरी चालते. उघड्या छिद्रांची मात्र कधीही भिजत घालू नका. धुतल्यावर पिळायचं नाही. जमिनीवर जुना कोरडा टॉवेल अंथरा, त्यावर मॅट, दोन्ही मिळून गुंडाळा आणि वरून गुडघ्याने दाबत जा. टॉवेल पाणी ओढून घेतो. वाळत घालायला दोरी किंवा वलणीची तार नको, मधोमध वळ पडतो आणि तो जात नाही. जाड पाइप किंवा पाठीला पाठ लावून ठेवलेल्या दोन खुर्च्या उत्तम. जागा सावलीची, वारा खेळता. आपल्याकडची कोरडी हवा इथे फार उपयोगाची आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये बंद छिद्रांची मॅट पंख्याखाली दोन-तीन तासांत खडखडीत वाळते.

एक सांगायचं राहू नये. मॅट कूलरसमोर वाळत घालू नका. कूलरची हवा गार असते, पण ओली असते. कूलर चालू असलेल्या बंद खोलीत मॅट रात्रभर ठेवली तर सकाळी ती हाताला गारठलेली, ओलसर लागते.

पुसल्यावर मॅटवर पांढरे ठिपके उमटतात आणि ती आधीपेक्षा जास्त घसरते. अपार्टमेंटला बोअरचं पाणी आहे. (जळगाव)

पाण्यातले क्षार आहेत ते. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियमशी त्याचा चिकट साका बनतो आणि तो मॅटवर बसतो. बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, तोच हा प्रकार. शेवटचा हात पिण्याच्या आरओ फिल्टरच्या, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्याने फिरवा, एक तांब्याभर पुरतं. पावसाळ्यात छपरावरून पहिले दोन-तीन पाऊस वाहून गेल्यावर पागोळ्यांचं पाणी धरून ठेवलं तर याहून चांगलं पाणी नाही. फिल्टरच्या बारीक नळीतून बाहेर पडणारं पाणी मात्र वापरू नका. बऱ्याच घरांत ते वाया जाऊ नये म्हणून फरशी पुसायला घेतात, ते योग्यच आहे, पण गाळलेले सगळे क्षार त्यातच जमा झालेले असतात.

आधीच बसलेले ठिपके काढायला एक वाटी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये चार वाट्या पाणी घालून पुसा, मग साधं पाणी. हे पीव्हीसी आणि ईव्हीएसाठी. रबरी मॅटला व्हिनेगरची सवय लावू नका.

घसरण्याचं आणखी एक कारण असतं ते तेल. गुडघ्यांना, टाचांना तेल चोळून तसंच मॅटवर उभं राहणारी ज्येष्ठ मंडळी माझ्या वर्गातही आहेत. तेल रबराला फुगवतं, मऊ करतं, आणि वीरभद्रासनात पाय सटकला तर खुबा मोडायला वेळ लागत नाही. तेल रात्री लावा, किंवा आधी पाय साबणाने धुऊन मगच मॅटवर या. याबाबतीत मी वर्गात कुणाचंच ऐकत नाही.

वर्गात सगळ्यांना सामायिक मॅट आहेत. महिन्याभरापासून मांडीवर गोल, खाजणारे चट्टे आले आहेत. मॅटमुळे असेल का? (धुळे)

असू शकतं. गोल, कडेने लाल, मधून फिकट आणि खाज सुटणारा चट्टा बहुधा नायट्याचा असतो, आणि नायटा ही बुरशी आहे. ती कातडीवरून कातडीवर जाते, तशीच टॉवेल, कपडे आणि घामट मॅटवरूनही जाते. त्वचेचे झडलेले कण मॅटवर पडतात आणि त्यांच्यात ही बुरशी बरेच दिवस तग धरते.

आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. औषधाच्या दुकानातून कुणी सुचवलेली ट्यूब आणून लावू नका, हे मी हात जोडून सांगते. अशा अनेक ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड असतं. खाज चार दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते, आणि पुढे ती औषधाला दाद देत नाही. आपल्या देशात नायटा एवढा चिवट झाला आहे त्यात या मलमांचा मोठा हात आहे. औषध डॉक्टर सांगतील तितके आठवडे, चट्टा दिसेनासा झाला तरी घ्यायचं. घरात आणखी कुणाला असेल तर त्याचाही उपचार बरोबरच.

बरं होईपर्यंत सामायिक मॅट वापरू नका, आणि शिकवणाऱ्यांना स्पष्ट सांगा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. त्यांनाही इतरांची काळजी घेता येईल. स्वतःच्या मॅटवर सुती चादर अंथरा आणि ती रोज गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. चादरीला ऊन हवंच. चादर सरकते, म्हणून हे दिवस बसून आणि झोपून करायच्या आसनांचे. मॅट बंद छिद्रांची असेल तर साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करा. उघड्या छिद्रांची असेल आणि त्वचा बरी होऊन पुन्हा पुन्हा बिघडत असेल, तर ती मॅट बदला.

वर्ग चालवणाऱ्यांनाही माझी विनंती आहे. प्रत्येकाला स्वतःची मॅट किंवा निदान स्वतःची चादर आणायला सांगा.

केळीच्या बागेतून आलो की तसाच मॅटवर बसतो. तपकिरी डाग पडलेत, कशानेच निघत नाहीत. (रावेर)

केळीच्या चिकाचा डाग तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, दादा. कापणीच्या सदऱ्यावरून तो कधी गेला आहे का? चीक ताजा असताना पाण्यासारखा दिसतो, हवा लागली की तपकिरी होतो आणि धाग्यात मुरतो. मॅटवरही तेच होतं. ताजा असेल तर लगेच साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. जुना झाला असेल तर राहू द्या, त्याने मॅटचं काही बिघडत नाही. डाग घालवायला ब्लीच मात्र वापरू नका, त्याने मॅट जाईल. हाताला चिकटलेला चीक आधी थोड्या गोड्या तेलाने सोडवा, मग साबणाने हात-पाय धुवा, आणि मग बसा.

आमच्याकडे पाऊस भरपूर. जुलैपासून मॅटला कुबट वास येतो, खालच्या बाजूला काळे ठिपके दिसायला लागले आहेत. (नवापूर)

तुमच्या भागात पाऊस धुळे-जळगावपेक्षा बराच जास्त, त्यामुळे तुमच्याकडे पावसाळ्यात मॅट गुंडाळून ठेवणंच चूक. ती भिंतीला टेकवून उभी किंवा पाइपवर पसरलेली ठेवा, भिंतीला ओल असेल तर चार बोटं लांब. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको. ओल आतच अडकते.

काळे ठिपके बुरशीचे आहेत. मॅट अंगणात नेऊन, नाकातोंडाला रुमाल बांधून मऊ ब्रशने झाडा, मग साबणाच्या पाण्याने पुसा आणि पंख्याखाली पूर्ण दिवस वाळू द्या. पाऊस उघडला तर सकाळच्या कोवळ्या उन्हात दहा-पंधरा मिनिटं ठेवायला हरकत नाही. ठिपके वरवरचे असतील तर जातील. आठ दिवसांत पुन्हा उमटले तर बुरशी फोमच्या आत आहे, ती मॅट सोडा. घरात कुणाला दमा असेल तर तेवढेही दिवस थांबू नका.

सॅनिटायझरचा फवारा मारला तर धुवायची गरज नाही ना? त्यात लव्हेंडर तेलाचे थेंबही घालते. (चाळीसगाव)

गरज आहे. सॅनिटायझर घाम आणि मळ काढत नाही, आणि रोज मारलं तर अल्कोहोलने रबर आणि पीव्हीसी कोरडं पडून चिरतं. सुगंधी तेलं रबराला मऊ करतात. वास हवाच असेल तर खोलीत उदबत्ती लावा.

जुन्या मॅटचं काय करायचं? घरचे म्हणतात, बंबात घाला, हिवाळ्यात पाणी तापेल. (शिरपूर)

कृपा करून बंबात घालू नका. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो. तो डोळे आणि घसा जाळतो, आणि बंब बहुतेक न्हाणीघराजवळच असतो, म्हणजे धूर घरातच शिरतो. रबर आणि फोमचा धूरही तसाच घातक.

हाताच्या जागा गुळगुळीत झाल्या, कण सुटायला लागले किंवा नीट पुसूनही चिकटपणा गेला नाही, की आसनांसाठी मॅट संपली. पण बाकी भाग धड असतो. बुरशी लागलेली नसेल तर कात्रीने तुकडे करा. एक कूलरच्या स्टँडखाली घाला, थरथराट कमी होतो. एक धान्याच्या कोठीखाली. गुडघे टेकून देवघर पुसणाऱ्या आईसाठी एक दुहेरी घडी घालून शिवून घ्या. त्याला जुन्या साडीचं कव्हर घातलं तर ते काढून धुताही येतं.