घर नाही, जागा विकताय

जुनं घर बिल्डरला विकत असाल तर आधी एक करा, रंगरंगोटीवर पैसे घालू नका, बिल्डर ते घर पाडणारच आहे. त्याचा हिशोब उलटा असतो, नवीन फ्लॅट कितीला जातील त्यातून बांधकाम, परवानग्या, व्याज आणि स्वतःचा नफा वजा करून जे उरतं तेच तुमच्या जमिनीचं मोल. म्हणून भाव बोलायच्या आधी स्वतःच्या आर्किटेक्टकडून तपासून घ्या की प्लॉटवर किती बांधकाम बसतं, रस्त्याची रुंदी किती, मार्जिन, म्हणजे इमारतीभोवती सोडावी लागणारी मोकळी जागा, वगळून काय उरतं. शेजारचाही विकायला तयार असेल तर दोघं मिळून बोला, एकत्र प्लॉटला सहसा जास्त भाव येतो. आणि हो, "परवानगी मिळाल्यावर पैसे" असा करार असेल तर मुदत लिहून घ्याच, नाहीतर जागा नुसती अडकून पडते.