आईच्या मणक्यात सिमेंट भरायचं का?

प्रश्न: डॉक्टर, आम्ही गुहागरकडचे. आई ७१ वर्षांची, दम्यासाठी बरीच वर्षं अधूनमधून स्टिरॉइडच्या गोळ्या घेते. मेच्या शेवटी चिपळूणला जाताना एसटीत अगदी मागच्या सीटवर बसलेली, गाडी खड्ड्यात आदळली आणि पाठीत कट्कन झालं म्हणे. आम्हाला वाटलं उसण भरली, शेक दिला, मग गावात एकाकडून चोळून घेतलं तर दुखणं वाढलंच. पाच आठवड्यांनी एक्स-रे काढला, एल-१ म्हणजे कमरेचा पहिला मणका दबलाय. एक डॉक्टर म्हणतात सिमेंट भरा, दुसरे म्हणतात झोपून राहा, आपोआप भरेल. कूस बदलताना ओरडते हो. गणपतीला उभी राहीन ना, एवढंच विचारत असते.

उत्तर: आधी ते चोळणं बंद करा, आजच. ओल्या पुठ्ठ्याच्या आंब्याच्या खोक्यावर दुसरं खोकं ठेवलं की पुढची कड बसते ना, तसा हा मणका पुढून बसलाय, त्याला वरून दाबून काय मिळणार? एसटीची मागची सीट चाकाच्याही मागे असते, आदळा सगळ्यात जास्त तिथेच बसतो, पण निरोगी हाड तेवढ्याने दबत नाही. वय आणि स्टिरॉइड, दोन्हींनी हाड आतून पोकळ झालंय, खरं दुखणं ते आहे.

आता सिमेंट. चिऱ्याच्या भिंतीत घालतात ते नव्हे, गुडघा बदलताना वापरतात त्याच जातीचं. पेशंटला पालथं झोपवून, जागा बधीर करून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत पाठीतून मणक्यात सुई नेतात आणि सिमेंट भरतात, ते काही मिनिटांत घट्ट होतं. ही झाली व्हर्टिब्रोप्लास्टी, १९८४ साली फ्रान्समध्ये पहिल्यांदा केली. आधी फुगा फुगवून जागा केली की कायफोप्लास्टी. टाके जवळपास नसतात, काही तास उताणं झोपायचं, त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी.

पण सगळ्यांनाच भरावं असं नाही, आणि इथे तुमचे दोन्ही डॉक्टर अर्धे अर्धे बरोबर आहेत. २००९ मध्ये दोन अभ्यास आले, त्यात काही पेशंटना सिमेंट न भरता नुसती सुईची नाटकी प्रक्रिया केली तर त्यांनाही तितकाच आराम पडला, तेव्हापासून आमच्यातच वाद चालू आहे. पुढे २०१६ च्या अभ्यासात सहा आठवड्यांच्या आतलं फ्रॅक्चर आणि असह्य दुखणं असलेल्यांना फायदा दिसला. बहुतेक फ्रॅक्चर सहा ते बारा आठवड्यांत आपली आपण भरतात. म्हणून एमआरआय करा, मणक्यात सूज दिसली तर फ्रॅक्चर अजून ताजं आहे, आणि गोळ्या-पट्टा लावूनही आई कूस बदलू शकत नसेल तर मी सिमेंटच्या बाजूने आहे, कारण या वयात महिनाभर झोपून राहिलं की छाती भरते, पायांतली ताकद जाते. दम्याच्या पेशंटला तर असं झोपून राहणं नकोच. सिमेंट बाहेर झिरपणं, क्वचित फुप्फुसात जाणं, असे धोके आहेत, ते नीट विचारून घ्या. एमआरआयमध्ये टीबी किंवा कॅन्सर नाही हेही कळतं.

पायात बळ कमी झालं, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली तर मात्र माझ्या उत्तराची वाट बघू नका, तडक मोठ्या हॉस्पिटलात न्या.

गणपतीचं म्हणाल तर आरतीला उभी राहील असं वाटतं, पण खाली पाटावर बसून मोदक वळणं, हंडा उचलणं, वाकून रांगोळी, हे यंदा सुनेला. सिमेंट भरा नाहीतर भरू नका, डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करून हाडांचं औषध सुरू करायलाच हवं, नाहीतर पुढच्या पावसात शेजारचा मणका बसेल. लोक नेमकं हेच विसरतात. हाडांची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली तर सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नंतर. नाचणीची भाकरी चांगलीच, पण नुसत्या नाचणीवर हे भागणार नाही. दम्याच्या गोळ्या मनाने बंद करू नका, त्याच डॉक्टरांशी बोला.

प्रश्न: देवगडहून लिहितोय. वडलांच्या दोन मणक्यांत गेल्या वर्षी सिमेंट भरलं, आता ठणठणीत आहेत. हाडांसाठी दर सहा महिन्यांचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन होतं, दोन घेतली. तिसऱ्याची तारीख मागच्या महिन्यात होती पण बागेच्या कामात राहिलं, आणि दुखत पण नाही. बंद केलं तर चालेल?

उत्तर: नाही हो! हे इंजेक्शन मध्येच सुटलं की हाडाची झीज उलटून जोरात सुरू होते, एकदम दोन-तीन मणके दबलेले पेशंट बघितलेत. बंद करायचं तरी डॉक्टर मध्ये दुसरं औषध लावतात, तसंच सोडत नाहीत. एक महिना उशीर झालाय, याच आठवड्यात न्या, बाग कुठे पळून जात नाही.