'पोलीस स्क्वॉड' ही पोलीस मालिकांची टिंगल करणारी १९८२ची अमेरिकन विनोदी मालिका आज पाहण्यासारखी आहे का? आणि ती सहाच भागांत का बंद पडली?

बघा, नक्की बघा. पंचवीसएक मिनिटांचे सहा भाग, एका रविवारी दुपारी उरकतील. पण प्रश्नाखाली तुम्ही जे लिहिलंय ना, की याच मालिकेवरून निघालेला 'नेकेड गन' सिनेमा घरात सगळ्यांना आवडला म्हणून ही लावली तर अर्ध्यातच सगळे उठून गेले, विनोद कुठे होता तेच कळलं नाही म्हणाले, त्यावर मला बोलायचंय. हे वाक्य मी आमच्या घरात कित्येक वर्षं ऐकतेय.

बंद का पडली ते आधी सांगून टाकते. एबीसी वाहिनीवर ४ मार्च १९८२ला पहिला भाग लागला, मार्चमध्ये चार भाग झाले आणि गाशा गुंडाळला. उरलेले दोन जुलैमध्ये दाखवून टाकले. वाहिनीच्या मनोरंजन विभागाचे तेव्हाचे प्रमुख टोनी थोमोपोलस यांनी जे कारण दिलं ते खूप गाजलं, की ही मालिका कळायची तर प्रेक्षकाला ती बघावी लागते. बघावी लागते! टीव्हीवरची मालिका! लोक आजपर्यंत त्या माणसाला हसतात. मी नाही हसत. कारण तो खरं बोलला. बहुतेक मालिका ऐकायच्याच असतात, माणूस इस्त्री करत असतो, शेंगा सोलत असतो, मागून रेकॉर्ड केलेला हशा आला की मान वर करतो. या मालिकेत तो हशाच नाही. मान वर करायला कोणी सांगतच नाही.

आता यातला अल नावाचा माणूस घ्या. तो इतका उंच की त्याचं डोकं कधीच पडद्यावर मावत नाही. आपला डिटेक्टिव्ह फ्रँक ड्रेबिन वर बघून त्याला सांगतो की बाबा, तुझ्या तोंडाला काहीतरी लागलंय, आणि वरून केळ्याचा तुकडा खाली पडतो. बास. कोणी हसत नाही, कॅमेरा थांबत नाही, चौकशी पुढे चालू. सुरुवातीच्या टायटल्समध्येच दर भागात एक मोठा पाहुणा कलाकार मारला जातो आणि पुढे भागात तो दिसतच नाही. विल्यम शॅटनर तर गोळ्या चुकवतो, उलट गोळीबार करतो आणि मग निवांत ग्लास तोंडाला लावतो, तर त्यात विष. पडद्यावर भागाचं नाव एक लिहिलेलं असतं आणि निवेदक भलतंच वाचतो. तो निवेदक हँक सिम्स, त्या काळच्या गंभीर पोलीस मालिकांमध्येही त्याचाच आवाज असायचा. म्हणजे थट्टा करायला खऱ्या देवळातलाच गुरुजी आणलाय. हे सगळं भाजी निवडताना कसं कळणार? तुमच्या घरचे काय करत होते ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण एकाच्या तरी हातात मोबाइल असणार, पैज लावते.

आमच्याकडे ही मालिका आली ती कॅसेटवर. मावसभाऊ अमेरिकेत एमएस करत होता, सुट्टीला आला तेव्हा तीन भाग असलेली एक कॅसेट घेऊन आला. आता अमेरिकेची कॅसेट एनटीएससी आणि आपलं सगळं पाल, म्हणजे दोन वेगळ्या टीव्ही पद्धती, त्यामुळे साध्या व्हीसीआरवर चित्र नुसतं पळायचं. सहकारनगरला आईच्या ओळखीतले एक काका दुबईहून परत आले होते, त्यांच्याकडे मल्टिसिस्टिम व्हीसीआर होता, मग आम्ही पाचसहा जण त्यांच्याकडे. व्हीसीआरने कॅसेट घेतली पण त्यांच्या टीव्हीने रंग काही घेतले नाहीत. तर पहिल्याच दृश्यात निवेदक गरजतोय, 'पोलीस स्क्वॉड! इन कलर!' आणि समोर ठार ब्लॅक अँड व्हाइट. काका उठून टीव्हीची बटणं फिरवायला लागले. मी हसून हसून गडाबडा लोळले. (अमेरिकेत तोवर सगळंच रंगीत येऊन कैक वर्षं झालेली, त्यामुळे 'इन कलर' ओरडणं हाच मुळात विनोद आहे. आपल्याकडे मात्र रंगीत टीव्ही आला तो त्याच १९८२ साली एशियाडच्या निमित्ताने.) त्या खोलीत एकच जण अजिबात हसत नव्हता, तो म्हणजे आमच्या कॉलेजच्या एकांकिकेचा दिग्दर्शक. तो म्हणाला, लाफ्टरच्या जागाच नाहीत यात.

त्या वर्षी एकांकिका मी लिहीत होते. त्या काळच्या पुण्यातल्या एकांकिका ज्यांनी पाहिल्यात त्यांना फ्रीज काय ते सांगायला नको. विषय कुठलाही असो, हुंडा, बेकारी, अणुबॉम्ब, शेवटी सगळे जागच्या जागी थिजणार, लाल स्पॉट, हळूहळू अंधार. आणि तिकडे अमेरिकन पोलीस मालिका पण अशाच संपायच्या, सगळे हसतायत आणि चित्र थांबलं. 'पोलीस स्क्वॉड'ने काय केलं, की चित्र थांबवलंच नाही, नट स्वतःच थिजून उभे राहतात आणि नावं वर सरकत राहतात. कोणी कॉफी ओतत असेल तर कप भरून वाहतोय तरी तो तसाच. एका भागात तर पकडलेला गुन्हेगार इकडेतिकडे बघतो, सगळे पुतळे झालेत हे त्याच्या लक्षात येतं आणि तो सटकायच्या मागे लागतो. मी ते बघितलं आणि ठरवलं, आपल्या एकांकिकेचा शेवट हाच. पोलीस चौकी, इन्स्पेक्टरचं मोठं भाषण, सगळे फ्रीज, पण लाइट तसेच फुल्ल. चहावाला पोरगा कपात चहा ओततोय तो ओततच राहिलाय, चहा रजिस्टरवर चाललाय, आणि चोर हळूच उठतो, इन्स्पेक्टरची टोपी घालतो आणि प्रेक्षकांतून निघून जातो.

दिग्दर्शक म्हणाला, लोकांना वाटेल लाइटवाला झोपला. मी म्हटलं, वाटू दे, तीच तर मजा. तो म्हणाला, प्रेक्षकाला कुठे हसायचं ते दाखवावं लागतं. तालमी राहिल्या बाजूला, हेच भांडण कँटीनमध्ये रात्री कँटीन बंद होईपर्यंत. शेवटी मुलांनी माझ्या बाजूने मत दिलं म्हणून तो कसाबसा तयार झाला.

स्पर्धेच्या दिवशी इन्स्पेक्टरचं भाषण झालं, फ्रीज झाला, चहा ओतायला सुरुवात झाली आणि पडदा सांभाळायला बसलेल्या गृहस्थांनी पडदा ओढला. त्यांचं काय चुकलं हो, त्यांनी आयुष्यभर फ्रीज झाला की पडदाच ओढला होता. चोराची भूमिका करणारा मुलगा टोपी हातात घेऊन आत पडद्याला धडका मारतोय आणि बाहेर टाळ्या. वर एक परीक्षक नंतर म्हणाले, शेवट पारंपरिक असला तरी परिणामकारक होता. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं आम्हाला, ज्या गोष्टीची टिंगल करायला गेलो त्याच गोष्टीसाठी.

दिग्दर्शकाचं म्हणणं, बघ, पडदेवाला हा पहिला प्रेक्षक, त्यालाच कळलं नाही. माझं म्हणणं, पडदेवाल्याला आधी सांगून ठेवणं हे दिग्दर्शकाचं काम, आणि जो विनोद कोणी पाहिलाच नाही तो फसला असं कसं म्हणता? पुढे याच माणसाशी मी लग्न केलं, त्यामुळे हा वाद मिटायचा प्रश्नच आला नाही. जावयासमोर सुद्धा निघतो.

तर तुमच्या प्रश्नाकडे येते. 'नेकेड गन' आवडला आणि मालिका नाही, याचं साधं कारण असं की सिनेमा जास्त ढळढळीत आहे. माणसं तीच, डेव्हिड आणि जेरी झकर, जिम एब्रहॅम्स, १९८०च्या 'एअरप्लेन'वाले. मालिकेतले कितीतरी विनोद त्यांनी १९८८च्या सिनेमात परत वापरले आणि तेव्हा तेच विनोद धो धो चालले. थिएटरमध्ये माणूस अंधारात बसतो, पडद्याकडे बघण्याशिवाय इलाज नसतो, म्हणून चालले, हे माझं मत. (नवऱ्याचं मत, सिनेमात लाफ्टरच्या जागा आहेत.) पण ड्रेबिन झालेल्या लेस्ली नीलसनचं खरं काम मालिकेतच आहे. हा माणूस आधी पंचवीसतीस वर्षं गंभीर भूमिका करत होता, 'पोसायडन ॲडव्हेंचर'मध्ये जहाजाचा कप्तान वगैरे. इथे तो तसाच गंभीर राहतो. 'सिगरेट?' म्हणून पुढे करतो, समोरचा म्हणतो 'हो, सिगरेटच आहे', आणि याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही. सिनेमात हळूहळू तोंडं वाकडी करायला लागला, तिसऱ्या सिनेमापर्यंत तर फारच. त्या सहा भागांसाठी त्याला एमी या टीव्हीच्या मोठ्या पुरस्काराचं नामांकन होतं, हे बंद पाडणाऱ्यांनी वाचलं असेलच.

आता सगळंच सोनं आहे असं नाही. काही विनोद शिळे झालेत, काही तेव्हाही बरे नव्हते. एके ठिकाणी जपानी बाग म्हणून कुंड्यांमध्ये जपानी माणसं उभी केलीत, आज बघताना अवघडायला होतं. अमेरिकन जाहिराती आणि जुन्या मालिकांचे संदर्भ आपल्याला कळत नाहीत, ते सोडून द्या. सहा भाग सलग पण बघू नका, चौथ्यापर्यंत युक्त्या ओळखीच्या व्हायला लागतात, आणि खरं सांगायचं तर वीसबावीस भाग झाले असते तर मीच कंटाळले असते. हे नवऱ्याला सांगू नका. आणि सबटायटल्स लावणार असाल तर एकदा लावून, एकदा न लावता बघा. खाली वाचत बसलात की मागे चाललेलं अर्धं निसटतं.

घरच्यांना परत बसवा, पण काही समजावून सांगू नका, 'आता बघ हं' अजिबात नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत. ऑटोप्ले मात्र आधीच बंद करा, नाहीतर नावं यायला लागली की चित्र कोपऱ्यात बारीक होतं आणि पुढचा भाग सुरू, म्हणजे परत तोच पडदा. शेवटचं नाव जाईपर्यंत बघा. आणि तुमच्या घरातलं एक जरी माणूस त्या फ्रीजला आपणहून हसलं ना, तर इथे खाली लिहा, वय आणि नातं लिहिलंत तर अजून बरं, मला ते एका माणसाला दाखवायचंय.