रानातल्या औषधी वनस्पती जंतू मारतात की नाही, हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत कसं तपासायचं?

तुम्ही बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहात, गाव राजापूरकडचं, आणि आजी वापरायची त्या तीन झाडांवर प्रकल्प करायचा म्हणता: खरचटलं तर एकदांडी, गजकर्णाला टाकळा, आव पडली तर कुडा. तिन्हींचे अर्क ई. कोलाय आणि स्टॅफिलोकोकस या बॅक्टेरियांवर लावणार, जोडीला अँटिऑक्सिडंट चाचणी करणार. निकाल चांगला आला तर औषध सिद्ध झालं असं म्हणता येईल का, असं विचारलंय.

तसं म्हणता येणार नाही. त्याचं कारण पुढे सांगते, पण मला आधी दुसरीच गोष्ट खुपली. आजीने ज्या दुखण्यावर झाड वापरलं, ते दुखणं तुमच्या जंतू वाढवायच्या प्लेटवर आहे कुठे?

कुड्याचं बघा. आव पुष्कळदा अमिबामुळे पडते आणि अमिबा म्हणजे बॅक्टेरिया नव्हे. कुड्याच्या सालीतलं कोनेसीन हे अल्कलॉइड ओळखलं जातं ते अमिबावरच्या कामासाठी. ई. कोलायच्या प्लेटवर सालीचा अर्क ढिम्म राहिला, तर तुम्ही ‘परिणाम आढळला नाही’ असं लिहून मोकळे व्हाल आणि आजी उगाच खोटी पडेल. गजकर्ण तर बुरशीचं. एकदांडी चोळतात ती रक्त थांबावं, जखम लवकर भरून यावी म्हणून; अगारच्या, म्हणजे जंतू ज्यावर वाढवतात त्या जेलीच्या, प्लेटवर यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून माझा सल्ला: तीन झाडं घेऊ नका, एकटा टाकळा घ्या. त्याच्यात अँथ्राक्विनोन गटातली द्रव्यं आहेत, त्यांचं बुरशीवरचं काम नोंदलेलं आहे, आणि गजकर्णाची बुरशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत देखरेखीखाली वाढवता येते. ट्रायकोफायटनचं, म्हणजे या बुरशीचं, कल्चर (शुद्ध वाढवलेला नमुना) चंडीगडच्या एमटीसीसी किंवा पुण्याच्या एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या संग्रहांकडून रीतसर मागवता येतं का, ते सरांना विचारायला सांगा. ही बुरशी सॅबुरो डेक्स्ट्रोज अगारवर 25 ते 30 अंशांना वाढते आणि बॅक्टेरियासारखी एका रात्रीत उगवत नाही. आठवडा, कधी दोन आठवडे वाट बघावी लागते. सबमिशनच्या तारखेआधी तेवढे दिवस हाताशी ठेवा. माणसाच्या कातडीवरून खरवडून आणलेला नमुना वाढवायच्या फंदात पडू नका, आणि काम संपलं की प्रत्येक प्लेट ऑटोक्लेव्हमधून (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणारं यंत्र) 121 अंशांवर काढल्याशिवाय टाकू नका.

आता अर्काविषयी. बहुतेक प्रकल्पांत पाला वाळवतात, दळतात आणि मिथेनॉलमध्ये काढतात, कारण सगळे तसंच करतात. आजीने मिथेनॉल वापरलं नव्हतं. तिने बी वापरलं की पाला, ताजं की सुकं, लिंबाच्या रसात वाटलं की ताकात, हे घरात कुणालातरी आठवत असेल. त्यांच्याजवळ बसून वहीत उतरवून घ्या, आणि मिथेनॉलच्या अर्काबरोबर तसाही एक अर्क करा. चीनच्या तू यूयू यांना मलेरियावरचं आर्टेमिसिनिन मिळालं ते याच वाटेने. उकळून काढलेले अर्क धड काम करत नव्हते. चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात ती वनस्पती पाण्यात नुसती भिजवून पिळायला सांगितली होती. ते वाचल्यावर त्यांनी कमी तापमानाला इथरमध्ये अर्क काढला आणि गुण टिकला. 2015 साली त्यांना नोबेल मिळालं. कृती हाही औषधाचाच भाग असतो.

वाळवणीला पावसाळ्यात हात घालू नका. माझ्या एमएस्सीच्या वर्षी जुलैत पाला पडवीत पसरला होता. वरून कोरडा वाटला, चौथ्या दिवशी उलटून पाहिला तर खालून पांढरी बुरशी. त्या बुरशीची द्रव्यं अर्कात उतरली की काम टाकळ्याचं की बुरशीचं हे कोण सांगणार? सगळा पाला फेकला. पावसातच करायचं असेल तर 40 अंशांच्या ओव्हनमध्ये पातळ थर पसरून वाळवा.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट मी आजही प्रत्येक बॅचला सांगते. स्टॅफिलोकोकसच्या प्लेटवर अगारमध्ये खड्डा पाडून अर्क घातला होता, त्याभोवती सुरेख, स्वच्छ वलय आलं होतं, म्हणजे तिथे जंतू वाढले नव्हते. प्लेट उजेडाकडे धरून मी सगळ्यांना दाखवत होते. बाईंनी एकच विचारलं, “नुसत्या मिथेनॉलचा खड्डा कुठाय?” तो मी केलाच नव्हता. पुन्हा लावलं, तर मिथेनॉलच्या खड्ड्याभोवतीही जवळजवळ तेवढंच वलय. माझ्या पाल्याने काहीच केलं नव्हतं. तेव्हा अर्क पूर्ण सुकवा, डीएमएसओ या द्रावकात विरघळवा, आणि नुसत्या डीएमएसओचा खड्डा प्रत्येक प्लेटवर हवाच. तुमच्या प्लेटवर बुरशीवरचं एखादं माहीत असलेलं औषधही तुलनेला ठेवा.

आणि आता ‘सिद्ध झालं’ का म्हणता येत नाही ते. हिशोबच करू. समजा अर्क 100 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर आहे आणि खड्ड्यात 50 मायक्रोलिटर घातलात. म्हणजे 5 मिलिग्रॅम माल गेला. जेंटामायसिन या अँटिबायोटिकच्या प्लेटवर ठेवायच्या नेहमीच्या कागदी चकतीत असतात 10 मायक्रोग्रॅम. दोन्ही वलयं सारखी आली तरी तुम्ही पाचशेपट माल ओतलेला असतो. एवढ्या मात्रेला घरातल्या कितीतरी वस्तू वलय देतील. शिवाय वलयाचा आकार द्रव्य अगारमधून किती सहज पसरतं यावरही ठरतो. तेलकट द्रव्य जोरकस असलं तरी खड्ड्याजवळच अडकून बसतं. म्हणून वलयावर थांबू नका. 96 खड्ड्यांच्या प्लेटमध्ये अर्क निम्मा-निम्मा पातळ करत जा आणि वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा, म्हणजे एमआयसी काढा. कच्च्या अर्कासाठी साधारण संकेत असा: 100 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत आली तर पुढे जाण्यासारखं, 1000 च्या वर गेली तर फारसा अर्थ नाही. आणि पहिल्या गटात आली तरी ती द्रव्यं आपल्या पेशींना किती मारतात हे बघायचं उरतंच. निकाल हातात आला म्हणून गावात कुणाला लावायला देऊ नका.

अँटिऑक्सिडंट चाचणीवर मी फार वेळ घालवणार नाही. अर्क घातला की डीपीपीएच या रसायनाचं जांभळं द्रावण फिकट पिवळं होतं, अर्धा तास अंधारात ठेवून 517 नॅनोमीटरला वाचन घ्यायचं, क्लासात टाळ्या पडतात. पण चहाही ते पिवळं करतो. परीक्षानळीतला आकडा शरीरात काय होईल ते सांगत नाही, आणि अमेरिकेच्या कृषी खात्याने अशाच आकड्यांची आपली मोठी यादी 2012 मध्ये मागे घेतली. करायचीच असेल आणि कुणी सोबत कोकम घ्या म्हणालं, तर एक सांभाळा: आमसुलाचा लाल रंग स्वतःच 517 च्या आसपास प्रकाश शोषतो. डीपीपीएच न घालता नुसत्या अर्काचं वाचन घेऊन ते वजा केलं नाहीत, तर आकडा चुकलाच.

झाडाची ओळख मात्र पक्की करा. कुड्यातही पांढरा आणि काळा असे दोन आहेत, बाजारात साल एकाची आणि नाव दुसऱ्याचं असं होत आलंय. काळ्याच्या जोडशेंगा टोकाशी चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या. टाकळ्याचेही जवळचे भाऊबंद रस्त्याकडेला उगवतात. जूनमध्ये भाजीसाठी खुडतो त्या कोवळ्या रोपावरून खात्री होत नाही. पिवळी फुलं आणि लांब बारीक शेंगा धरल्या की दोन्ही असलेली फांदी घ्या, वर्तमानपत्रात चपटी दाबा, रोज कागद बदला, आणि कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागातून नाव तपासून हर्बेरियमचा (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा) क्रमांक घ्या. तो क्रमांक अहवालाच्या पहिल्या पानावर, आणि ज्यांनी कृती सांगितली त्यांचं नाव, त्यांना विचारून, त्याच पानावर त्याच्या खाली.