कौलांना १५ अंशांचा ढाळ पुरेल का?

प्रश्न : घराची रुंदी ६ मीटर आहे. दुपाखी (दोन बाजूंना उतरते) छप्पर घालायचे आहे. मिस्त्री १५ अंश ढाळ पुरे म्हणतात, मला मातीची कौले हवी आहेत. त्यांचे ऐकावे का?

उत्तर : पत्रा घालणार असाल तर ऐका, वरच्या पत्र्याचे टोक खालच्यावर निदान १५ सेंटिमीटर चढवले की काम भागते. कौलांसाठी मात्र नाही. कौले एकमेकांवर नुसती टेकलेली असतात. ढाळ कमी पडला की पाणी रेंगाळते आणि वाऱ्याच्या जोराने सांध्यातून उलटे वर चढते. मग रिपा (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्या) कुजतात, आणि दोष बिचाऱ्या कौलांना!

खाचेच्या कौलांना ३० अंश धरा. आढे (दोन्ही उतार जिथे मिळतात तो छपराचा कणा) मधोमध असल्यास अर्धी रुंदी ३ मीटर, तिला ०.५७७ ने (३० अंशांना दर आडव्या मीटरमागे येणारा चढ) गुणा. आढे भिंतीच्या माथ्यापासून सुमारे १.७३ मीटर उंच येईल आणि वासा (आढ्यापासून भिंतीपर्यंतचे तिरके लाकूड) ३.४६ मीटर, वळचणीचा भिंतीबाहेरचा भाग वेगळा. १५ अंशांना वासा ३.१ मीटर लागतो. म्हणजे बचत वाशामागे जेमतेम ३६ सेंटिमीटर.

हौसेने ४५ अंशांवर जाऊ नका. छपराचे क्षेत्रफळ जमिनीवरच्या मापापेक्षा ४१ टक्के वाढते (३० अंशांना १५ टक्के), शिवाय कौले घसरू नयेत म्हणून खिळ्यांनी वा तारेने जखडावी लागतात.

रिपा ठोकण्याआधी ढाळ तपासा. १ मीटरची पाणसळ (स्पिरिट लेव्हल) आडवी धरून तिचे एक टोक वाशावर टेकवा; दुसऱ्या टोकापासून वाशापर्यंतचे उभे अंतर ५८ सेंटिमीटर भरले पाहिजे.